नाटकातलं पाणी

सामानकाका माणसांपेक्षा वस्तूंशी जास्त बोलत. "चल रे, तुझा प्रवेश आला," असं कंदिलाला म्हणत ते त्याला विंगेत आणून ठेवत. प्रयोग संपला की छत्रीला विचारत, "आज कुणी आपटलं तुला?" आमच्या नाटक मंडळीत रंगमंचावर हातात घेतली जाणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्या ताब्यात होती. तलवारी, टेलिफोन, औषधाच्या बाटल्या, लाकडी सफरचंदं, कुबड्या. रंगमंचावरून आत आलेल्या माणसाने हातातली वस्तू टेबलावर टाकलेली त्यांना खपत नसे, ती त्यांच्याच हातात द्यावी लागे. एकदा राज्याभिषेकाच्या प्रवेशातून टाळ्यांच्या धुंदीत आत आलेल्या आमच्या नायकाला त्यांनी दंडाला धरून थांबवलं होतं. "राजा असशील तिकडे. आधी माझी तलवार दे."

मुळात ते सुतार. आमच्या नाट्यगृहाच्या खुर्च्या दुरुस्त करायला तरुणपणी आले होते. त्या दिवशी नोकराची भूमिका करणारा नट आला नाही म्हणून कुणीतरी यांच्या हातात तबक देऊन यांना पुढे ढकललं. तबक द्यायचं आणि परत यायचं, एवढंच काम. पण परत यायचं हे सांगायला सगळे विसरले. काका तबक देऊन तिथेच उभे राहिले, ते अंक संपून पडदा पडेपर्यंत. मधे नायक-नायिकेचा एकांतातला संवाद होता, तोही त्यांनी शेजारी उभं राहून मन लावून ऐकला. पुन्हा त्यांना रंगमंचावर पाठवायची हिंमत कुणी केली नाही, पण त्यांना घरी जाऊ द्यावं असंही कुणाला वाटलं नाही. ते राहिले ते राहिलेच.

बायको लवकर गेली. मागे एक लेक. तिला सांभाळायला कुणी नाही म्हणून काका तिला नाट्यगृहात आणत आणि सामानाच्या पेटीशेजारी पथारी टाकून निजवत. रबरी खंजीर हे तिचं पहिलं खेळणं. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात, तर हिने सांगितलं, "राजाला मुकुट देतात." एका जागी बसायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. पुढे ती आमच्यातच नटी झाली आणि आमच्याच प्रकाशयोजना करणाऱ्या पोराशी तिने लग्न केलं. काका त्याला जावई म्हणून नीट बोलत, पण त्याने विंगेत वायर पसरली की मात्र विसरून जात.

आमच्या मंडळीची एक शिस्त होती. ज्यांनी ही मंडळी उभी केली ते मालक केव्हाच गेले, पण त्यांची ती शिस्त मागे राहिली. रंगमंचावर पाणी प्यायचं ते खरं प्यायचं. रिकामा पेला ओठाला लावायचा नाही. "घसा हलला पाहिजे," असं ते म्हणत. "शेवटच्या रांगेतला माणूस तुमचा चेहरा बघत नसतो, घसा बघत असतो." त्यामुळे काका काचेचा जग आणि पेले असे पुसत की दिव्याखाली ते लखलखावेत. जगात पाणी भरलं की तो उजेडासमोर धरायचे, डोळे बारीक करून आरपार बघायचे. एखादा कण दिसला तर सगळं ओतून पुन्हा भरायचे. त्या बाबतीत त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

त्या वर्षी आमचं एक नाटक फार चालत होतं. भांडून घर सोडून गेलेला थोरला मुलगा बऱ्याच वर्षांनी परत येतो. दारात उभा राहतो, कुणी बोलत नाही. मग तो म्हणतो, "या घरात पाणी तरी विचारतात का अजून?" धाकटी सून आत जाते, जग आणि पेले घेऊन येते. आईसमोर पेला धरते, आई तो हाताने बाजूला सारते. मग सून थोरल्याला पाणी देते, तो पितो, आणि तिचाही घसा कोरडा पडलेला असतो म्हणून तीही पिते. एक शब्द नाही. सगळं नाट्यगृह ते दोन घसे बघत असायचं. थोरल्याची भूमिका आमचा मुख्य नट करायचा. त्याच्या आवाजामुळे आम्ही त्याला तोफ म्हणायचो. सून म्हणजे भिंगरी. आईची भूमिका माझ्याकडे होती.

भिंगरीला दिवस गेले तेव्हा हे नाटक ऐन भरात होतं. काकांनी तिला काम सोडायला सांगितलं. ती म्हणाली, दिसायला लागलं की सोडीन. मग काकांनी तिच्यामागे पाण्याचा ससेमिरा लावला. दौऱ्यावर आमचे व्यवस्थापक पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन मागवत, कारण पूर्वी एका गावी सगळ्यांची पोटं बिघडून प्रयोग रद्द करावा लागला होता. काकांचा त्या कॅनवरही भरवसा नव्हता. लेकीसाठी ते मुक्कामावर स्वतः पाणी उकळत, गार करत, बाटलीत भरत आणि ती बाटली तिच्या खांद्याला अडकवत.

"दुसरीकडे घोटभरसुद्धा प्यायचं नाही. ऐकलंस?"

"बाबा, पोटात बाळ आहे. बॉम्ब नाही."

"मला नको सांगू काय आहे ते. बाटली घे."

"घेतली. आता हिलाही विंगेत जागा आखून द्या तुमच्या खडूने."

काकांनी खरंच विंगेतल्या टेबलावर, बाकीच्या वस्तूंना होता तसा, खडूने एक गोल काढला आणि त्यात बाटली ठेवली.

दौऱ्यात एका नाट्यगृहात प्रयोगांना इतकी गर्दी झाली की आमचा मुक्काम वाढला. नाट्यगृह जुनं, पण ध्वनी सुरेख. मागच्या अंगणात भिंतीला एक नळ होता. त्याला सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी पाणी येई. बाकी वेळात तोटी उघडली तर नुसती हवा फुसफुसायची. भिंतीच्या कडेने संडास-न्हाणीघरांचं गटार वाहत होतं, झाकणं घातलेलं. संध्याकाळी पाणी आलं की काका त्या नळावर जग भरून घेत, उजेडासमोर धरत आणि विंगेत खडूच्या गोलात ठेवत. शेजारच्या गोलात लेकीची बाटली असे.

मुक्काम संपला, आम्ही पुढच्या गावी गेलो. तिथे कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी टाचण्या तोंडात धरूनच जाहीर केलं, "बाई, माझ्याकडचं कापड संपलं, आता तू घरी जा." भिंगरीच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. भिंगरी घरी गेली.

त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी ती आजारी पडली. आधी जेवण जाईना. फोडणीचा वास आला तरी ती उठून खिडकीशी जायची. अंगात कसकस, पाय ओढल्यासारखे. शेजारणी म्हणाल्या, या दिवसांत असं व्हायचंच. तिलाही तेच वाटलं. आम्ही तेव्हा दौरा संपवून परतलो होतो. लेक-जावयाचं घर म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका संध्याकाळी ती टेबलावरच्या दिव्याजवळ बसली होती आणि जावई तिच्याकडे बघत राहिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"बल्ब पिवळा आहे," तो म्हणाला. "तुझे डोळे पिवळे दिसतायत."

"रात्रंदिवस तुला दिवेच दिसतात."

त्याने खाली जाऊन पांढरा बल्ब आणला, लावला. तिला मान वर करायला सांगितलं. मग म्हणाला, भिंतीचा रंग परावर्तित होत असेल. त्याचा धंदाच तो. रंगमंचावर माणूस पिवळा दिसला तर दोष दिव्यावर लावलेल्या रंगीत जिलेटिन कागदाचा असतो, माणसाचा नसतो. त्याने भिंतीवर पांढरी चादर टांगली. सकाळी तिला खिडकीशी नेऊन पडदा सरकवला. सूर्यावर कुणी कागद लावलेला नव्हता. तो पडदा धरून तसाच उभा राहिला. काका चहा घेऊन आले, त्यांनी तिचे डोळे बघितले आणि कपबशी नेमकी टेबलाच्या मधोमध ठेवली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, भरभर बोलायच्या, पण समोरच्याला कळलं की नाही हे थांबून बघायच्या.

"लघवीचा रंग कसा होतो?"

"गडद. कोऱ्या चहासारखा."

"कधीपासून?"

भिंगरीला आठवेना. आजकाल सगळंच धूसर वाटतं, म्हणाली.

रक्त काढलं. यकृताला सूज आहे हे त्याच दिवशी कळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कावीळ हा एक आजार नाही, ती नुसती खूण आहे. डोळे पिवळे करणारे विषाणू निरनिराळे असतात, बघून ओळखता येत नाहीत. मला ते लगेच पटलं. वेष एकच, आत नट वेगवेगळे. त्यांनी एकेकाला वगळत नेलं. ए नाही, बी नाही, सी नाही. राहिला ई. त्याची ओळख अशी पटते की तो शरीरात शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध नवी प्रतिद्रव्यं तयार होतात. ती सापडली तर लागण ताजी आहे असं समजायचं. खुद्द विषाणूही रक्तात किंवा शौचात शोधता येतो, पण त्याला मोठी प्रयोगशाळा लागते. त्यांनी नमुना तिकडेही पाठवला.

उत्तर आलं. हेपटायटिस ई.

"पाण्यातून येतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणाची तरी विष्ठा पाण्यात मिसळते, ते पाणी दुसऱ्याच्या पोटात जातं. एरवी मी म्हटलं असतं, घरी जा, विश्रांती घ्या, काही आठवड्यांत आपोआप जाईल. बहुतेकांचा जातो. पण हिचे शेवटचे महिने आहेत. गरोदर बाईला हाच आजार कधीकधी फार जोराचा होतो. यकृत अचानक काम सोडतं."

"औषध?" जावयाने विचारलं.

"या विषाणूवर आमच्या हातात असं औषध नाही. तिचं शरीर लढेल, आम्ही आधार देऊ. लक्ष ठेवू."

"पण ती उकळलेलंच पाणी पिते," काका म्हणाले.

"काका, कुठेतरी..."

"मी स्वतः उकळतो. बाटली मी भरतो."

हे वाक्य त्यांनी त्या दिवशी डॉक्टरबाईंना सांगितलं, नर्सला सांगितलं, लिफ्ट चालवणाऱ्याला सांगितलं. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. पाठ केलेलं वाक्य म्हणावं तसं म्हणत राहिले.

दोन-तीन दिवसांनी तोफ तिला भेटायला आला. त्याचेही डोळे पिवळे होते. गेले काही दिवस तो थकलाय, जेवत नाही, हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी त्याला यथेच्छ टोमणे मारले होते. रोजची दारूची बाटली आता हिशेब मागतेय, असं. तोही हसून म्हणत होता, बरोबर आहे, मी तिला कधी नाही म्हटलं नाही. डॉक्टरबाईंनी त्याला व्हरांड्यातच पकडलं, खिडकीशी नेलं, रक्त घेतलं. तोही ई निघाला. त्याला त्यांनी विश्रांती घ्यायला सांगून घरी पाठवलं, आणि दारू बंद. "घसा हलवायचा नाही," असं तो आम्हाला म्हणाला, पण कुणीच हसलं नाही.

दोघं एकाच मंडळीतले म्हटल्यावर आरोग्य खात्याच्या एक बाई आल्या. पोक्त, खांद्याला मोठी झोळीसारखी पिशवी, पायांत जाड तळाच्या चपला. हॉस्पिटलच्या खाली नातेवाइकांना बसायची खोली होती. कडेला बाकं, कोपऱ्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र, त्यावर साखळीला बांधलेले स्टीलचे पेले. तिथे त्यांनी आम्हाला बसवलं. काका, जावई, घरून बोलावून घेतलेला तोफ आणि मी.

"काल-परवाचं सांगू नका," त्या म्हणाल्या. "हा आजार आत शिरल्यावर लगेच दिसत नाही. दोन आठवडे, सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. तेव्हा कुठे होता?"

आम्ही दौऱ्यातली गावं सांगितली. पाणी? कॅनचं. जेवण? मुक्कामावर, सगळ्यांचं एकच. मग बाकीचे का आजारी नाहीत?

"या दोघांनी एकत्र काय खाल्लं-प्यायलं?"

"काहीच नाही," तोफ म्हणाला. "ती माझ्या पंगतीला बसत नाही. म्हणते, तुम्ही जेवताना भाषण करता."

"मग दोघं बरोबर असायचात तरी कधी?"

"रंगमंचावर."

"तिथे काय करता?"

"तिथे काय, मी घरी परत येतो."

बाईंनी पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाल्या, "दाखवा बरं."

तोफ उठला. आजारी होता, पण उभा राहिला आणि खांदे आपोआप बदलले. तो दारात जाऊन उभा राहिला. मी बाकावर आईसारखी बसले. भिंगरी वर होती, म्हणून जावयाला आम्ही तिच्या जागी उभं केलं. सगळे प्रयोग त्याने दिव्यांच्या खोलीतून बघितले होते, त्याला सगळं पाठ. काका भिंतीशी होते. त्या खोलीत विंग अशी कुठे नव्हती, पण ते जिथे उभे होते तिथे ती झाली.

"या घरात पाणी तरी विचारतात का अजून?" तोफ म्हणाला. हळूच म्हणाला, तरी बाकांवरचे दोन-तीन अनोळखी लोक दचकले.

जावई काकांकडे वळला. काकांचा हात यंत्राकडे गेला. त्यांनी पेला साखळीतून सोडवला, खिशातल्या फडक्याने पुसला, भरला, उजेडासमोर धरला आणि जावयाच्या हातात दिला. हे सगळं त्यांनी त्याच्याकडे न बघता केलं, जसं वर्षानुवर्षं करत आले होते तसं. जावयाने पेला माझ्यापुढे धरला, मी तो बाजूला सारला. मग त्याने तो तोफेला दिला. तोफ प्यायला. घसा वरखाली झाला. मग जावई प्यायला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे तुम्ही खरंच पिता? नाटकात?"

तोफेने मान डोलावली.

"रोज?"

"आमच्यात खोटं पीत नाहीत," तोफ म्हणाला.

"आणि ते पाणी कॅनचं?"

आम्ही सगळ्यांनी काकांकडे बघितलं. त्यांच्या हातात फडकं होतं, चौकोनी घडी घातलेलं.

"नळाचं," ते म्हणाले. "मागच्या अंगणातला नळ." मग, समजावून सांगावं तसं, "ते पाणी नव्हतं, बाई. ते सामान होतं."

बाईंनी त्यांना एक शब्द वाकडा विचारला नाही. ते गाव कुठलं, नळ कुठे, पाणी किती वाजता येतं, एवढंच. मग मला म्हणाल्या, "तुम्ही नाही प्यायलात."

"माझं पात्र रागावलेलं आहे."

"मग कदाचित म्हणूनच बऱ्या आहात. शिरला तरी सगळेच काही पिवळे पडत नाहीत, पण कदाचित म्हणूनच."

मी त्यावर पुष्कळदा विचार केला आहे. कुणी आजारी पडायचं हे नाटक लिहिणाऱ्याने त्याच्या टेबलावर बसून, अजाणता, लिहून ठेवलं होतं. त्या वेळी मात्र मी काहीच विचार केला नाही. काकांनी पेला विसळला आणि साखळीला परत बांधला, ते बघत बसले.

बाई त्या गावी जाऊन आल्या. त्यांनी येऊन जे सांगितलं ते साधं होतं. नळाचा पाइप गटाराला लागून जातो, त्याचा एक सांधा ढिला होता. पाणी बंद झालं की रिकामा पाइप बाहेरचं आत ओढून घेतो आणि पुढच्या वेळी पाणी आलं की तेच पुढे येतं. नाट्यगृहाच्या मागच्या आळीतही काविळीचे रोगी निघाले होते. आता सांधा बदलला.

"पण ते स्वच्छ होतं," काका म्हणाले. "मी उजेडासमोर धरत होतो."

"दिसायला असतंच, काका. ते डोळ्यांना दिसत नाही."

"माझ्या हातांनी लागलं असेल का तिला? आता जावयाला लागेल का?"

"एकाकडून दुसऱ्याला सहसा नाही लागत. संडासहून आल्यावर हात धुवा, तिची काळजी घ्या. तुमच्या हातांचं काही नाही."

काकांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं नाही. त्यांनी बाईंची पिशवी उचलून त्यांच्या खांद्याला लावून दिली.

त्यानंतर भिंगरीला झोप अनावर व्हायला लागली. दुपारी उठवलं तर ती शब्द चुकवायची, नाटकातल्या सुनेची वाक्यं मधेच म्हणायची, नर्सला "सासूबाई" म्हणायची. डॉक्टरबाई तिला दोन्ही हात समोर धरायला लावत. हात पाखराच्या पंखांसारखे हलत. रक्त गोठायला वेळ लागतोय, असं त्यांनी जावयाला सांगितलं आणि तिला अतिदक्षता विभागात, काचेच्या दारामागे हलवलं. एका सकाळी बाळाचे ठोके ऐकू आले नाहीत. त्या दिवशी ते जन्माला आलं, आणि मुलगी होती एवढं आम्हाला कळलं. जावई तिला बघून आला. काका गेले नाहीत. ते व्हरांड्यात खुर्च्या ओळीत लावत होते. लोक उठत, खुर्च्या वाकड्या होत, काका पुन्हा सरळ करत. मी त्यांच्याजवळ बसले. मी आयुष्यभर रंगमंचावर रडले आहे, सांगाल तेव्हा रडू शकते, पण तिथे मला ते जमलं नाही. आम्ही दोघं समोरच्या भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं बघत बसलो.

मंडळीचं नाटक सुरूच होतं. तोफेच्या जागी दुसरा नट आला. व्यवस्थापकांनी हुकूम काढला, यापुढे जग रिकामा. पहिल्या प्रयोगानंतर मी हॉस्पिटलात गेले तेव्हा काकांनी मला विचारलं, "रिकामा ठेवला?"

"हो."

"कळलं लोकांना?"

"नाही."

"शेवटच्या रांगेला?"

"कुणालाच नाही कळलं, काका. टाळ्या तेवढ्याच आल्या."

त्यांनी मान डोलावली आणि शेजारची खुर्ची जराशी पुढे ओढली.

भिंगरी हळूहळू वर आली. एके दिवशी तिने नर्सला नर्स म्हटलं. मग रक्ताचे आकडे उतरायला लागले, डोळ्यांतला पिवळेपणा कडेकडेला सरकला. बाळाबद्दल तिला जावयाने सांगितलं. ती भिंतीकडे वळली आणि बरेच दिवस बहुतेक तशीच राहिली. काका तिच्या उशाशी कंगवा, थर्मामीटर, रुमाल लागतील त्या क्रमाने मांडून ठेवत. नर्स म्हणाली, "काका, तुम्ही आमच्याकडेच लागा कामाला." ते तिच्याकडे बघत राहिले, विनोद होता हे त्यांना समजलं नाही.

पाणी कुठलं होतं, हे मात्र तिला आमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं. जावई म्हणाला, बाबांनी सांगावं. काका म्हणाले, घरी गेल्यावर. घरी आणली, तरी दिवसामागून दिवस गेले. काका यायचे, तिचं अंथरूण झटकायचे, औषध द्यायचे, बसायचे. बोलायचे नाहीत. वस्तूंशीही नाही.

मी एका दुपारी गेले तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. खालच्या दुकानात कुणीतरी रंगाचे डबे एकावर एक रचत होतं, त्याचा आवाज येत होता. जावई कामाला गेलेला. काका तिच्या पायाशी स्टुलावर बसले होते. मी शेजारी बसले, कशी आहेस वगैरे झालं. मग काका मधेच, माझ्याकडे बघून, म्हणाले, "ते पाणी मी भरलं होतं."

मला वाटलं ते मला सांगतायत. पण मग त्यांनी मान वळवली.

"जगातलं. त्या नळाचं होतं. मी भरलं."

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं. तिचा चेहरा बारीक झाला होता, त्यामुळे डोळे मोठे दिसत होते.

"मला माहितीय," ती म्हणाली. "त्या पिशवीवाल्या बाई माझ्याकडेही आल्या होत्या. मी शुद्धीत होते तेव्हा."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

डबे रचण्याचा आवाज थांबला.

"तुम्ही भरलंत," ती म्हणाली. आवाजात चढउतार नव्हता. "तुमच्या जावयाने त्याच्यावर उजेड टाकला. मी प्यायले. चवही बरी होती. आता काय करायचं, बाबा? कुणाला धरायचं?"

"मला धर."

"नाही धरत. अंगात ताकद नाहीये माझ्या."

ते तिने रागाने म्हटलं नाही, प्रेमानेही नाही. जे होतं ते सांगितलं. काका स्टुलावर तसेच बसून होते, गुडघ्यांवर पालथे हात ठेवून. खाली गिऱ्हाइकाने पांढऱ्या रंगाचा भाव विचारला.

"खायला काय आहे?" भिंगरी म्हणाली.

काकांनी ऐकलं नाही.

"बाबा, भूक लागलीय मला. घरात काय आहे?"

आजार सुरू झाल्यापासून हे ती पहिल्यांदाच म्हणत होती, हे माझ्या लक्षात आलं, त्यांच्या आलं की नाही कोण जाणे. ते उठले. ओट्याशी गेले. पातेल्यावरचं झाकण काढलं, परत ठेवलं, पुन्हा काढलं. मग गॅस पेटवला. जेवण गरम करून त्यांनी ताट आणलं. ती सावकाश जेवली, भिंतीला पाठ टेकून, मधे मधे दमून थांबत. निम्म्यावर तिने ताट सरकवलं.

"बास. उरलेलं तुम्ही खा."

काकांनी ताट मांडीवर घेतलं आणि तिच्याच चमच्याने, खाली बघत, ते जेवायला लागले.